'कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' : ही ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर येणाऱ्या पाट्या सहसा कुणी वाचत नाही. तंबाखूचा इशारा, पात्रं काल्पनिक असल्याचा खुलासा, प्रायोजकांचे आभार आणि त्या गर्दीत एक ओळ: 'या चित्रपटाच्या चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही.' तेवढ्यात कुणीतरी आपल्या गुडघ्यांवरून वाट काढत पलीकडच्या खुर्चीकडे जात असतं. ही ओळ निर्मात्याच्या भूतदयेतून आलेली नसते. तिच्यामागे १९६० चा एक कायदा, २००१ चे नियम, न्यायालयांचे आदेश आणि हरियाणातल्या एका सरकारी कार्यालयाचं प्रमाणपत्र असतं.

२०२५ च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची हत्तीण माधुरी गुजरातला नेली गेली, कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले आणि बऱ्याच जणांना हे प्रश्न एकदमच पडले. सर्कशीतला वाघ बंद झाला, मठातला हत्ती गेला, मग शर्यतीचा बैल पळतो कसा? सिनेमात घोडा चालतो तो कुणाच्या परवानगीने? दारात येऊन मान डोलावणारा नंदीबैल कोणत्या खात्यात मोडतो? याची उत्तरं थोडी कायद्यात आहेत आणि थोडी प्राण्याच्या दिनक्रमात. कायद्यापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे.

कायद्याच्या लेखी कलाकार कोण?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यासाठी राज्यसभेत पाठपुरावा केला तो भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. पुढे या कायद्याखाली स्थापन झालेल्या भारतीय पशुकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. या कायद्याचं पाचवं प्रकरण खास 'खेळ करणाऱ्या प्राण्यां'साठी आहे. तिकीट लावून लोकांसमोर ज्याचा खेळ केला जातो, किंवा अशा खेळासाठी ज्याला शिकवलं जातं, तो खेळ करणारा प्राणी. त्याची नोंदणी केल्याशिवाय त्याला शिकवताही येत नाही आणि रिंगणात आणताही येत नाही. कोणत्या जातीचे प्राणी खेळासाठी अजिबात वापरायचे नाहीत, हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवू शकतं.

व्याख्येतला 'तिकीट' हा शब्द महत्त्वाचा आहे. नंदीबैलवाला तिकीट लावत नाही, सूपभर धान्य किंवा दहाची नोट घेतो, म्हणून या प्रकरणाच्या चौकटीत तो सरळ बसत नाही. अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी आणि टोपलीतून नाग काढणारा गारुडी बंद झाले ते मुख्यतः दुसऱ्या कायद्यामुळे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे. लष्कर आणि पोलिसांचे प्राणी या प्रकरणातून वगळलेले आहेत, प्राणिसंग्रहालयंही. त्यामुळे बॉम्ब शोधणारं श्वान खेळ करणारा प्राणी नाही आणि जाहिरातीत बिस्किट खाणारं श्वान मात्र आहे.

वाघ रिंगणातून कसा गेला?

हा इतिहास मराठी माणसाला जरा जास्त लागतो, कारण भारतीय सर्कस सुरू झाली तीच आपल्याकडे. सांगली भागातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे घोड्यांचे जाणकार. अश्वविद्येचे आणि गाण्याचे धडे त्यांनी ग्वाल्हेरला घेतले. मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियन माणसाच्या सर्कशीचे खेळ त्यांनी पाहिले आणि १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची, मग कार्लेकरांची अशा एकामागून एक सर्कशी निघाल्या. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी तर कमाल केली: लहानपणी मामाच्या सर्कशीत शिरलेला हा पोरगा १९४० मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात बिबटे, वाघ आणि जॅग्वार एकत्र खेळवत होता. हे सगळं धाडसाचं होतंच, आणि त्याचा अभिमान वाटायला काही हरकत नाही. फक्त त्या अभिमानात वाघाला विचारात घ्यायची पद्धत नव्हती.

१९९१ मध्ये केंद्राने पहिली बंदी घातली: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा. सर्कसवाले न्यायालयात गेले, समिती नेमली गेली आणि १४ ऑक्टोबर १९९८ ला सुधारित यादी निघाली. त्यातून कुत्रा बाहेर पडला आणि सिंह आत आला. या यादीलाही आव्हान दिलं गेलं. २००० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि प्राण्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, अशा अर्थाचं मत नोंदवलं. १ मे २००१ ला सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. २०११ मध्ये यादीत बैल आला. हत्ती, घोडा, उंट, कुत्रा, पोपट हे मात्र या यादीत नव्हते. वाघ गेल्यावरही सर्कशीत काही वर्षं हत्ती क्रिकेट खेळत राहिला, तो यामुळेच.

प्राणी शिकतो कसा?

मानसशास्त्रात याला 'साधक अभिसंधान' म्हणतात. एखाद्या कृतीनंतर फायदा झाला तर प्राणी ती कृती पुन्हा करतो, आणि त्रास झाला तर टाळतो. शिकवण्याची सगळी कला या एका वाक्यात आहे, आणि सगळा वादही. कारण फायदा दाखवूनही शिकवता येतं आणि त्रास देऊनही. प्रेक्षकाला दोन्हींत फरक दिसत नाही. हत्ती पाय वर करतो तो केळ्यासाठी की अंकुशाच्या आठवणीने, हे चौथ्या रांगेत बसून सांगता येत नाही.

चांगला प्रशिक्षक छोट्या पायऱ्या करतो. कुत्र्याने दार ढकलून आत यावं असं दृश्य असेल तर आधी दाराकडे नुसतं पाहिलं तरी खाऊ, मग दाराजवळ गेल्यावर खाऊ, मग नाक लावल्यावर. योग्य कृती झाली त्या क्षणी 'टक्' असा आवाज करणारं क्लिकर नावाचं छोटं यंत्र असतं. त्या आवाजाचा अर्थ 'हेच हवं होतं, खाऊ येतोय'. चित्रीकरणात कुत्रा नायकाच्या डोळ्यांत पाहतोय असं आपल्याला वाटतं तेव्हा तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या त्याच्या माणसाच्या हाताकडे पाहत असतो. आणि एका कुत्र्याची भूमिका बहुधा तीन-चार कुत्रे वाटून घेतात; एक धावण्यात पटाईत, एक स्वस्थ बसण्यात. १९९५ च्या एका ऑस्ट्रेलियन चित्रपटात डुकराच्या एका पिल्लाचं काम ४८ पिल्लांनी केलं, कारण डुकराची पिल्लं भराभर वाढतात आणि चित्रीकरण महिनोन्‌महिने चालतं.

पण खाऊ देऊन काहीही शिकवता येईल का? अमेरिकेतल्या केलर आणि मेरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४७ मध्ये जाहिराती आणि जत्रांसाठी प्राणी तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांनी कितीतरी जातींचे हजारो प्राणी शिकवले. १९६१ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, तो यशाबद्दलचा नव्हता, फसलेल्या प्रयोगांबद्दलचा होता. रॅकून नावाच्या प्राण्याला त्यांनी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एका नाण्यापर्यंत जमलं. दोन नाणी दिल्यावर तो ती टाकेनाच. एकमेकांवर घासत बसला, डब्यात बुडवून परत बाहेर काढू लागला. जंगलात तो आपलं भक्ष्य असंच हाताळतो. डुकराला लाकडी नाणी गल्ल्यात टाकायला शिकवलं होतं. काही आठवड्यांनी ते नाणी मध्येच टाकून मुसकाटाने उकरू लागलं. नाणी पोचवायला इतका वेळ लागायचा की त्याला पोटभर मिळेनासं झालं, तरी उकरणं थांबेना. शिकवलेलं वागणं हळूहळू जन्मजात वागण्याकडे घसरतं, असा निष्कर्ष ब्रेलंड यांनी काढला.

हे लक्षात घेतलं की सर्कशीची अडचण कळते. वाघ स्वभावाने एकटा राहणारा आणि आगीपासून लांब पळणारा. त्याला दहा वाघांच्या रांगेत स्टुलावर बसवायचं आणि पेटलेल्या कड्यातून उडी मारायला लावायची, तीही रोज तीन खेळांना, एकदाही न चुकता. घसरण थांबवायला मग खाऊ पुरत नाही. चाबूक, टोचणी आणि भूक तिथून आत येतात. अस्वलाच्या बाबतीत तर रीत ठरलेली होती: पिल्लू असतानाच तापल्या सळईने नाकाड्याला भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची, सुळे तोडायचे. दोरीला झटका बसला की अस्वल दोन पायांवर उभं राहून हलतं, आणि लोक त्याला नाच म्हणतात. भारतात अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर समाजाकडचं शेवटचं नाचरं अस्वल २००९ च्या डिसेंबरमध्ये ताब्यात घेतलं गेलं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

'घरच्या कुत्र्यालाही आम्ही शेकहँड शिकवतोच की,' असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण कुत्र्याची अख्खी जात हजारो वर्षं माणसाच्या अंगणात वाढली आहे. माणसाकडे पाहणं, त्याचं ऐकणं ही तिची उपजत वृत्ती झाली आहे. हत्ती किंवा वाघ एकेकटा माणसाळतो, त्याची जात माणसाळत नाही. त्याचं पिल्लू जन्माला येतं ते पुन्हा रानटीच, आणि प्रत्येक पिल्लाला नव्याने वाकवावं लागतं.

खेळ दहा मिनिटांचा, बाकीचा दिवस कसा जातो?

माझ्या मते खरा मुद्दा हा आहे, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. प्रेक्षक, पत्रकार आणि पुष्कळदा तपासणी करणारेही रिंगणातली दहा मिनिटं पाहतात. चाबूक उगारला की नुसता हवेत फिरवला, यावर वाद घालतात. प्राण्याचं आयुष्य मात्र उरलेल्या तेवीस तास पन्नास मिनिटांत असतं.

हत्तीचं घ्या. मोकळा हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरत, चालत असतो. दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, तो शोधण्यात दिवस संपतो. हत्तिणी आयुष्यभर आई, मावश्या, बहिणी यांच्या कळपात राहतात. सर्कशीत किंवा भाड्याने मिरवणुकीत फिरवल्या जाणाऱ्या हत्तीला चारा आयता मिळतो, म्हणजे सोळा तासांचं काम एकदम संपतं. एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळीत, खाली काँक्रीट. हत्तीचा तळवा मऊ माती तुडवण्यासाठी बनलेला आहे. कडक, मुतलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की नखं चिरतात, तळवा सडतो, सांधे धरतात. बंदिस्त हत्तींना माणसांकडून क्षयरोगही होतो. काही हत्ती तासन्‌तास जागच्या जागी डुलतात. लोकांना वाटतं, गाण्यावर ठेका धरलाय. या निरर्थक, पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालीला पशुवैद्यक 'स्टिरिओटिपी' म्हणतात. करायला काहीच नसलेल्या मेंदूने स्वतःला दिलेलं ते काम असतं. पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ, स्वतःची पिसं उपटणारा पोपट, गव्हाणीची कड चावत हवा गिळणारा घोडा ही त्याचीच रूपं.

त्यात सर्कस म्हणजे प्रवास. एका गावात काही आठवडे, मग तंबू उतरवायचा, पिंजरे ट्रकवर चढवायचे, पुढच्या गावाला पुन्हा तेच. मोठा पिंजरा ट्रकवर बसत नाही, म्हणून पिंजरा लहानच असणार. इथे मालक दुष्ट असण्याची गरजच नाही. प्राण्यांवर जीव असलेला, स्वतः अर्धपोटी राहून वाघाला मांस घालणारा मालकही वाघासाठी पिंजरा ट्रकपेक्षा मोठा करू शकत नाही.

आता त्या ओळीकडे

सिनेमात प्राणी वापरायचा तर निर्मात्याला आधी पशुकल्याण मंडळाकडे अर्ज करावा लागतो. कार्यालय पूर्वी चेन्नईला होतं, आता फरीदाबादजवळ बल्लभगडला आहे. प्राणी कोणता, वय किती, दृश्यात तो काय करणार, त्याला कसं आणि किती काळ शिकवलं, हे सगळं लिहून द्यायचं. सोबत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा. चित्रीकरणानंतर दृश्यं तपासून मंडळ ना हरकत प्रमाणपत्र देतं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यापासून सेन्सॉर बोर्ड या प्रमाणपत्राशिवाय पुढे सरकत नाही. २००१ च्या नियमांतल्या अटी वाचण्यासारख्या आहेत: उपाशी ठेवून काम करून घ्यायचं नाही, आजारी किंवा गाभण प्राणी वापरायचा नाही, आगीजवळ न्यायचं नाही, मुद्दाम मोठा आवाज करायचा नाही, घोड्याला पाडण्यासाठी तारा किंवा खड्डे वापरायचे नाहीत, कृत्रिम प्रकाश ५०० लक्सच्या वर नको. लक्स हे उजेड मोजण्याचं एकक. चांगला उजेड असलेल्या कचेरीत टेबलावर साधारण एवढा प्रकाश असतो.

तारांची अट तिथे का आली त्याला इतिहास आहे. जुन्या हॉलिवूडमध्ये धावत्या घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून, ठरलेल्या जागी तिला ताण देऊन घोडा कोलमडवत. १९३६ च्या एका युद्धपटात या युक्तीने अनेक घोडे मेले. १९३९ मध्ये एका चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात लोटलं, तो मेला. लोक खवळले आणि १९४० पासून 'अमेरिकन ह्यूमेन' या संस्थेची माणसं सेटवर हजर राहू लागली. इजा न झाल्याची ओळ श्रेयनामावलीत आली ती १९७२ मध्ये. आपली ओळ तिचीच धाकटी बहीण, फक्त आपल्याकडे काम सरकारी मंडळ करतं.

ही ओळ गाडीच्या पीयूसीसारखी आहे. त्या दिवशी, त्या पंपावर धूर मर्यादेत होता, एवढंच पीयूसी सांगतं. ब्रेक लागतात का, टायर गुळगुळीत झालेत का, हे त्यात नसतं. तरी पीयूसी हवंच. न्यूझीलंडमध्ये 'द हॉबिट' चित्रपटांचं काम सुरू होतं तेव्हा ज्या शेतावर प्राणी ठेवले होते तिथे घोडे, मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या मिळून २७ प्राणी मेल्याचं त्यांच्या देखभाल करणाऱ्यांनी २०१२ मध्ये उघड केलं. कुणी खड्ड्यात पडून, कुणी कुत्र्यांच्या हल्ल्यात. देखरेख करणाऱ्या संस्थेचं म्हणणं होतं की आमचा अधिकार सेटपुरता. प्राणी रात्री कुठे बांधले जातात ते आमच्या कक्षेत येत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं.

भारतातले नियम कागदावर थोडे पुढे आहेत, कारण प्रशिक्षणाच्या आधी, दरम्यान आणि नंतर, तिन्ही वेळी त्रास होऊ नये अशी अट त्यांत आहे. पण शिकवणं झालं ते महिने कुणी पाहिलेले नसतात. अर्जात लिहिलेलं खरं मानून चालावं लागतं.

'पण आमचं तिच्यावर प्रेम होतं'

नांदणीच्या माधुरीचं प्रकरण सर्कशीचं नव्हे, मठाच्या परंपरेचं. सुमारे ३३ वर्षं ती तिथे होती. तिच्या पायांची अवस्था, संधिवात आणि मिरवणुकांमधला वापर यावरून प्राणी हक्क संस्थेने तक्रार केली. उच्चाधिकार समितीने तिला हलवायला सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते मान्य केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही. ती जामनगरच्या वनतारामध्ये, रिलायन्स समूहाच्या प्राणी केंद्रात, गेली. निरोप देताना माणसं ढसाढसा रडली. पुढे मोर्चे निघाले, त्याच समूहाच्या जिओची सिमकार्डं बदलण्यापर्यंत बहिष्कार गेला आणि शेवटी नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारण्याची बोलणी सुरू झाली.

ते रडणं खोटं होतं असं म्हणणारे मला उथळ वाटतात. आणि प्रेम होतं म्हणजे तिचं सगळं ठीकच होतं, असं म्हणणाऱ्यांनी हत्तीच्या तळव्याबद्दल वर लिहिलंय ते पुन्हा वाचावं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ज्या हत्तिणीने तीस वर्षं दुसरा हत्ती पाहिला नाही तिचा कळप म्हणजे माहूत आणि गावच. तो तोडण्याचीही किंमत असते, आणि ती किंमत न्यायालयीन कागदांत फारशी उतरत नाही.

मग सोडून द्या ना जंगलात!

केइको नावाच्या ऑर्का माशाची (तसा तो मासा नाही, डॉल्फिनच्या कुळातला सस्तन प्राणी) कहाणी इथे कामाची आहे. १९७९ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात तो पकडला गेला, तेव्हा पिल्लू होता. आधी कॅनडातल्या आणि मग १९८५ पासून मेक्सिको सिटीतल्या मनोरंजन उद्यानात, लहान हौदात, कोमट पाण्यात तो खेळ करत राहिला. १९९३ मध्ये एका हॉलिवूडपटात त्याने कैदेतून सुटणाऱ्या ऑर्काची भूमिका केली. चित्रपट गाजला, आणि नायक स्वतः मात्र अजून हौदातच आहे, अंगावर फोड आहेत, वजन घटलंय, हे जगाला कळलं. मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. १९९६ मध्ये त्याला विमानाने अमेरिकेतल्या ओरेगनला, १९९८ मध्ये आइसलँडच्या खाडीत नेलं. जिवंत मासे पकडायला शिकवलं, रानटी ऑर्कांच्या जवळ नेलं. २००२ मध्ये तो निघाला, हजारभर किलोमीटरहून जास्त पोहत नॉर्वेला पोचला आणि तिथे थेट माणसांच्या वस्तीपाशी गेला. मुलं त्याच्या पाठीवर बसली. डिसेंबर २००३ मध्ये तो न्यूमोनियाने मेला. कळपात तो शेवटपर्यंत मिसळला नाही. शेवटची पाच वर्षं तरी त्याला समुद्र मिळाला, असं म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा. पण त्यासाठी कोट्यवधी डॉलर लागले, आणि इतका पैसा सिनेमात काम केलेल्या एकालाच मिळतो.

आपल्या सर्कशीतल्या सिंहांचं वेगळंच त्रांगडं होतं. गीरचा आशियाई सिंह आणि आफ्रिकी सिंह यांचा सर्कशींनी बेफिकीर संकर केलेला. अशा सिंहाला गीरमध्ये सोडलं तर तिथली मूळ जातच बिघडेल. म्हणून बंगळुरूजवळचं बन्नेरघट्टा, चेन्नईचं वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणी बचाव केंद्रं काढून त्यांना ठेवलं, प्रजनन थांबवलं आणि एकेक सिंह म्हातारा होऊन जाईपर्यंत सांभाळलं. शिकार येत नाही, सुळे झिजलेले, माणसाची भीती नाही, असा प्राणी जंगलात जगत नाही, आणि गावात शिरला तर गावकरीही जगत नाहीत.

शर्यतीचे बैल का चालतात?

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैल पकडण्याच्या खेळासोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, त्याचा एक आधार २०११ ची बैलांबाबतची अधिसूचना होती. मग महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला स्थगिती मिळाली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह वाट मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे बैलाचं शरीर बदललेलं नाही, त्याच्याभोवतीचा कायदा बदलला. सर्कशीच्या बाजूने उभं राहायला मतदारसंघ नव्हता, हे यातलं न बोललं जाणारं कारण.

प्राणी गेले, माणसांचं काय झालं?

अस्वलं सोडवताना कलंदर कुटुंबांना रिक्षा, दुकान, मुलांची शाळा यासाठी मदत दिली गेली, म्हणून ती मोहीम टिकली. सर्कशीच्या कामगारांसाठी असं फारसं काही झालं नाही. प्राणी गेल्यावर तिकीटबारीही आटली. रिंगलिंगने २०१६ मध्ये हत्ती निवृत्त केले, २०१७ मध्ये तंबूच गुंडाळला, आणि २०२३ मध्ये एकही प्राणी न घेता पुन्हा सुरू केला. जर्मनीतली रोंकाली सर्कस हत्ती-घोडे प्रकाशाच्या त्रिमितीय आकृत्यांतून दाखवते. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या एका मंदिराने २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती उत्सवाला उभा केला. कान हलवतो, सोंड उचलतो. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ मध्ये सर्कशीत कोणताही प्राणी नको, असा मसुदा मांडला होता.

सिनेमात वाघ आता संगणकावर बनतो आणि पाटीवर तसं लिहिलेलं असतं. मोठ्या बजेटला ते परवडतं. छोट्या मराठी चित्रपटाला मात्र खोटी म्हैस खऱ्या म्हशीपेक्षा कितीतरी महाग पडते, आणि गोठ्यातली म्हैस नुसती रवंथ करताना दाखवायची तरी अर्जाची धावपळ आहेच. त्यावर निर्माते वैतागतात, ते समजण्यासारखं आहे. नियमांचा जोर कागदावर जास्त आणि गोठ्यात जाऊन पाहण्यावर कमी, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

नियम मोडला तर?

खेळ करणाऱ्या प्राण्यांबाबतचं प्रकरण मोडल्यास जास्तीत जास्त ५०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. साध्या क्रूरतेसाठी पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत. ते वाढवण्यासाठी २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला होता. त्यामुळे आज वचक आहे तो दंडाचा नाही, प्रमाणपत्र अडकण्याचा: प्रदर्शनाची तारीख ठरलेली, चित्रपटगृहं घेतलेली आणि बल्लभगडहून कागद आलेला नाही. जत्रेत, लग्नाच्या वरातीत किंवा रिसॉर्टवर प्राणी नाचवणाऱ्याला असं कोणतंही प्रमाणपत्र अडवत नाही. तिथे तक्रार करायची ती स्थानिक पोलिसांकडे किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीकडे, आणि वन्य प्राणी असेल तर वनविभागाकडे. तक्रारीत प्राणी काय खेळ करत होता यापेक्षा तो कुठे बांधलेला होता, किती तास, पाणी होतं का, पाय आणि नखं कशी दिसत होती, हे लिहावं आणि जमल्यास फोटो जोडावा.